शपथेची तारीख येईल, तोवर माहेरी जाऊन ये

कॅनडाच्या नागरिकत्वाची परीक्षा झाली. वीसपैकी पंधरा बरोबर हवे होते, तुझे त्याहून जास्तच आले. आणि आता रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी तू मोबाइलवर अर्जाचं खातं उघडून बघतेस. काल होतं तेच आजही असतं. मला ठाऊक आहे गं. मीही बोरगावची लेक, ब्रॅम्प्टनला संसार थाटलेली, आणि याच वाटेने तुझ्या काही वर्षं आधी गेलेली. फोनवर घाईघाईत सगळं बोलणं होत नाही, म्हणून आज निवांत लिहिते. ताई म्हणतेस ना, मग ताईचं पूर्ण ऐकून घे.

तू विचारत होतीस तारखेबद्दल, पण मध्येच तुझ्या तोंडून खरी गोष्ट निघाली. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला करायचं आहे, आई एकटी कशी निभावेल, आणि तू जावं तर मागून शपथेचं बोलावणं आलं तर काय? माझं उत्तर एका शब्दाचं आहे: जा.

कॅनडाच्या नियमात अर्ज सुरू असताना देशाबाहेर जायला बंदी नाही. पाच वर्षांत एक हजार पंच्याण्णव दिवस इथे राहिल्याचा हिशोब अर्ज भरला त्या दिवशीच पूर्ण झाला, तो आता मागे जात नाही. परत येण्यासाठी पीआर कार्ड, म्हणजे कायम रहिवासाचं कार्ड, चालू असायला हवं, तेवढं बघ. त्याची मुदत संपत आली असेल तर शपथ होईलच या भरवशावर राहू नकोस, नवं कार्ड मागव. शपथ मात्र कॅनडाच्या भूमीवर असतानाच घ्यावी लागते. समारंभ झूमवर असला तरी बोरगावच्या ओसरीत बसून तो करता येत नाही. तू तिकडे असताना बोलावणं आलंच, तर इमिग्रेशन विभागाला लगेच लेखी कळव की वडिलांच्या आजारपणासाठी भारतात आहे, अमुक तारखेला परतते आहे. पुढची तारीख मिळते. न कळवता गैरहजर राहिलीस तर मात्र अर्ज बंद व्हायची पाळी येऊ शकते. म्हणून जायच्या आधीच त्यांना दोन ओळी लिहून ठेव आणि तिकडेही रोज मेल बघत जा.

मी इतकं ठासून सांगते त्याला आणखी एक कारण आहे. शपथेनंतरचे पहिले काही महिने माहेरी जायला सगळ्यात अडचणीचे असतात. शपथ घेतलीस की पीआर कार्ड संपलं. भारताचा पासपोर्टही संपला. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात येतं, पण त्यावर विमानात बसता येत नाही. मग कॅनडाचा पासपोर्ट काढायचा, भारताचा पासपोर्ट वाणिज्य दूतावासात जमा करून त्यागाचा दाखला घ्यायचा, मग ओसीआयचा, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाच्या कार्डाचा, अर्ज करायचा, आणि ते कार्ड येईपर्यंत भारतात जायचं तर व्हिसा घ्यायचा. आपल्याच गावाला जायला व्हिसा! 2023 च्या सप्टेंबरमध्ये दोन देशांत बिनसलं आणि 21 तारखेपासून भारताने कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणंच थांबवलं. ऑक्टोबरच्या शेवटी काही प्रकारचे व्हिसा सुरू झाले, ई-व्हिसा 22 नोव्हेंबरला सुरू झाला. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड होतं ते येत-जात राहिले. ज्यांची शपथ नुकतीच झाली होती आणि कार्ड यायचं होतं, ते मधल्या मध्ये अडकले. अशा वेळी कुणाच्या घरचं दुखणं थांबून राहत नाही. आज तुझ्याकडे चालू पीआर कार्ड आहे, चालू भारतीय पासपोर्ट आहे. जाण्यायेण्याची ही मोकळीक शपथेनंतर काही महिने नसेल. ती आताच वापर.

आता राहिली ती वाट बघण्याची गोष्ट. परीक्षेचा निकाल चांगला आला म्हणजे सगळं झालं असं नसतं. त्यानंतर पार्श्वभूमीची तपासणी असते, राहिल्याच्या दिवसांची पडताळणी असते, कधी बोटांचे ठसे पुन्हा मागतात. हे टप्पे एकामागून एकच होतात असं नाही, एखादा मागे राहतो आणि सगळा अर्ज त्याच्यापाशी थांबतो. म्हणून तुझ्यानंतर अर्ज केलेल्या शेजारणीची शपथ आधी झाली तर मनाला लावून घेऊ नकोस. तिची फाइल वेगळी, तुझी वेगळी. नवरा-बायकोचे अर्ज एका लिफाफ्यात जाऊनसुद्धा पुढे सुटे होतात आणि एकाला बोलावणं येतं, दुसऱ्याला येत नाही, हे मी अनेक घरांत बघितलं आहे.

फारच लांबलं तर गप्प बसू नकोस. आधी इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावरच्या फॉर्ममधून विचारणा कर. उत्तर साचेबद्ध आलं तर माहितीच्या अधिकाराखाली आपल्या फाइलवरच्या नोंदी मागव. पाच डॉलरचं काम आहे, आणि नेमकं कुठे अडलं आहे ते त्यातून कळतं. तुझ्या भागाच्या खासदाराच्या कार्यालयातही जा. तिथे याच कामासाठी माणसं बसलेली असतात आणि मतदार नसलीस तरी तुझं ऐकून घेतात. आपल्याकडे आमदार-खासदाराच्या दारात जायला बायका बिचकतात. इथे बिचकू नकोस.

आणि एक विचारते, रागावू नकोस. अर्जाचं खातं कोणाच्या मेलवर आहे? आपल्या बऱ्याच मुलींचे अर्ज नवऱ्यांनी भरलेले असतात, नवऱ्याच्या मेलवर, नवऱ्याच्या पासवर्डने. तो चांगलाच आहे, माझं त्याच्याबद्दल काही म्हणणं नाही. पण हे नागरिकत्व तुझं आहे. बोलावणं तुझ्या मेलवर यावं, पासवर्ड तुला पाठ असावा, आणि तुझा पासपोर्ट, पीआर कार्ड, जन्मदाखला, लग्नाचा दाखला एका पिशवीत, तुला हात घालता येईल अशा जागी असावेत. घर बदललंस तर नवा पत्ता त्याच दिवशी कळव.

कागदांचं आपलं दुखणं महाराष्ट्रातल्या मुलींपेक्षा थोडं निराळं आहे. आपण मध्य प्रदेशातले, घरात मराठी बोलणारे, कागद सगळे हिंदीतले. जन्मदाखला हिंदीत, गुणपत्रिका भोपाळच्या मंडळाची, आणि इंग्रजीत गावाचं नाव एका कागदावर एक तर दुसऱ्यावर दुसरं. सौंसरचं स्पेलिंग तर प्रत्येक कार्यालय आपल्या मनाने करतं. त्यात 5 ऑक्टोबर 2023 पासून पांढुर्णा आणि सौंसर मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. तुझ्या पासपोर्टवर छिंदवाडा आहे, तुझ्या भाचीच्या जन्मदाखल्यावर पांढुर्णा येईल. ओसीआयचा अर्ज भरताना जिल्हा बदलला म्हणून जन्मस्थळ बदलून लिहायचा मोह होईल. लिहू नकोस. पासपोर्टवर आहे तेच अक्षरन् अक्षर उतरव. हिंदी कागदांचं प्रमाणित भाषांतर लागेल. मूळ कागद माहेरी पेटीत पडून असतील तर या फेरीत घेऊन ये. आई-बाबांच्या कागदांच्या प्रतीही आण. वाट बघण्याच्या दिवसांत करण्यासारखं सगळ्यात कामाचं काम हेच आहे. ओसीआयच्या वेळी बायका याच कागदांपायी महिनोन् महिने घालवतात.

आता जे बोलायचं टाळतेस ते बोलू. आईला सांगितलंस का? कॅनडाची नागरिक होणार एवढं सांगितलं असशील, पेढेही वाटले असतील. पण शपथेच्या दिवशी तू भारताची नागरिक राहणार नाहीस, हे सांगितलंस का? यात अर्ज लागत नाही, सही लागत नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे आपल्या मर्जीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप जातं. राज्यघटनेच्या नवव्या अनुच्छेदातही तेच तत्त्व आहे. कॅनडाला दोन नागरिकत्वं चालतात, भारताला चालत नाहीत. शपथेनंतर जुना पासपोर्ट दाखवून प्रवास केला तर तो गुन्हा ठरतो. एवढा एकदा आहे ना अजून मुदतीत, वापरून घेते, असं कुणी सांगितलं तर कानावर घेऊ नकोस. लहान मुलांना चौदा वर्षांखाली शपथ घ्यावी लागत नाही, पण त्यांचेही भारतीय पासपोर्ट जमा करावे लागतात. सौंसर मतदारसंघाच्या यादीत तुझं नाव अजून असेल, शपथेनंतर ते फॉर्म 7 भरून काढायला सांग. मी माझं नाव काढायला भावाला सांगितलं तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. तरी काढलं. ज्या देशाने वाढवलं त्याच्या यादीत खोटं नाव ठेवायचं नाही, एवढं आपलं देणं आहे.

ओसीआय कार्डाने आयुष्यभर येता-जाता येतं, राहता येतं, खाजगी नोकरी-धंदा करता येतो. मत देता येत नाही, सरकारी नोकरी मिळत नाही, सरपंचाच्या निवडणुकीलाही उभं राहता येत नाही. पुढे कधी गावी कायमचं परतून काही उभं करायचं तुझ्या मनात असेल, तर आताच थांबून विचार कर. अर्ज मागे घेता येतो. पीआर म्हणूनही इथे जन्म काढलेली माणसं आहेत, त्यांचं काही अडलं नाही. नवऱ्याने शपथ घेतली म्हणून तू घ्यायलाच हवी असं नाही, आणि तू घेतलीस म्हणून त्यानेही नाही. परतीची वाट बंद होत नाही, पण लांबची आहे: ओसीआय म्हणून पाच वर्षं नोंद हवी आणि अर्जाच्या आधीचं एक वर्ष भारतात राहिलेलं हवं, मग पुन्हा भारताचं नागरिकत्व मागता येतं.

आईला हे तूच सांग, तिच्याजवळ बसून सांग. म्हणूनही ही फेरी कर म्हणते. समारंभाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत फिरत सौंसरच्या मामाकडून तिच्याकडे पोचेल आणि कुणीतरी म्हणेल, "पोरगी परदेशी झाली तुमची." ते तिने दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये. माझी आई गप्प झाली होती. माझी शपथ सुखरूप व्हावी म्हणून जामसावळीच्या मारुतीला नवस बोलली होती ती, आणि त्या शपथेत काय जातं हे तिला कळलं तेव्हा तिला काय बोलावं सुचेना. मग आजोबाच बोलले. ते म्हणाले, आपली राजधानी नागपूर होती, 1956 च्या नोव्हेंबरात एका रात्रीत भोपाळ झाली. काटोल, नरखेड, सावनेर नागपूरसोबत तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. सोयरीक कुणी मोडली का? माझी बहीण नरखेडला दिली होती, ती रक्षाबंधनाला आली नाही का? राज्याची हद्द आणि देशाचं नागरिकत्व ही एकच गोष्ट नाही हे मलाही कळतं, आजोबांनाही कळत होतं. पण आईला तेवढं ऐकायचं होतं. तुझ्या घरातही असं एखादं म्हातारं माणूस असेल. त्याला आधी विश्वासात घे.

मनात अपराधी वाटत असेल तर तेही सांगते. ज्या देशाचं नागरिकत्व तू घेते आहेस, त्याने आपल्या माणसांना ते सहजी दिलेलं नाही. 1914 मध्ये कोमागाता मारू जहाजातले बहुतेक सगळे लोक व्हँकूव्हरच्या बंदरातून परत धाडले गेले. ब्रिटिश कोलंबियात आपल्या लोकांना मताचा हक्क 1947 मध्ये मिळाला. कॅनडाचा स्वतःचा नागरिकत्व कायदासुद्धा 1 जानेवारी 1947 ला लागू झाला, त्याआधी इथले लोक ब्रिटिश प्रजाजनच म्हणवले जात. कुणीतरी आपल्यासाठी सोसलं म्हणून तू ही शपथ घेणार आहेस. ते समजून घे आणि मान वर करून घे.

शपथेचा दिवस कसा असतो ते सांगते, म्हणजे धास्ती जाईल. शपथ इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत असते, अधिकारी थोडं थोडं म्हणतो, आपण मागून म्हणायचं. फ्रेंच अडखळलं तर कुणी काही म्हणत नाही. राजे चार्ल्स तिसरे यांच्याशी निष्ठा त्यात आहे, आणि 2021 पासून इथल्या मूळ रहिवाशांचे आणि त्यांच्या करारांतले हक्क मान्य करणारी राज्यघटना पाळण्याचं वचनही आहे. हे शेवटचं मला फार आवडलं. धर्मग्रंथ हातात घ्यायचा असेल तर घ्यावा, नसेल तर नुसतं प्रतिज्ञापूर्वक म्हणावं. झूमवर असेल तर जवळ कात्री ठेव. समारंभात सांगतात, पीआर कार्ड कॅमेऱ्यासमोर धरा आणि कापा. त्या क्षणी हात थांबतो गं. ज्या कार्डासाठी इतकी वर्षं काढली, त्याचे आपल्याच हाताने दोन तुकडे करायचे. माझी कात्री कोथिंबीर कापायची होती, त्या जाड प्लास्टिकवर चालेना, दोनदा दाबावी लागली. लेकीला वाटलं आई रडते आहे. रडतच होते. साडी नेस हो, आईने दिलेली. बोलावण्यासोबत येणाऱ्या पत्रातलं नाव आधीच नीट वाच. सासरचं नाव, माहेरचं नाव, मधलं नाव यात एका अक्षराचीही चूक असेल तर शपथेच्या आधी कळव. नंतर ती दुरुस्त करणं महागात जातं. प्रमाणपत्र कागदी हवं की इलेक्ट्रॉनिक हे निवडता येतं. शपथेचा फॉर्म सही करून सांगितल्या मुदतीत पाठवला की काम संपलं.

तुझी चुलत बहीण न्यू जर्सीत आहे ना, तिला सांग की अमेरिकेत रीत वेगळी आहे. मुलाखतीत परीक्षा पास झाल्यावर कुठे कुठे त्याच दिवशी शपथ होते, नाहीतर एन-445 नावाची सूचना येते. तिच्यावरचे प्रश्न शपथेच्या दिवशीच भरायचे असतात, कारण मुलाखतीनंतर कुठे प्रवास केला, काही गुन्हा-दंड झाला का हे त्यात विचारलेलं असतं. ग्रीन कार्ड तिथेच जमा करायचं. मुलाखत होऊन एकशे वीस दिवस झाले तरी निर्णय नसेल तर तिला जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. भारताचा नियम मात्र तिलाही हाच.

आता शेवटची आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट. तुझ्या बाबांची संत्र्याची वाडी आहे. तू माहेरी गेलीस की ओसरीवर कुणीतरी बोलेलच, "आता ती परदेशी झाली, तिचा काय हिस्सा? हकत्याग करून टाका म्हणजे पुढे कटकट नको." प्रेमाने बोलतील, भाऊही प्रेमानेच बोलेल. आणि शपथ जवळ आली म्हणून घाईही करतील, कारण नंतर सही चालत नाही असं कुणीतरी सांगितलेलं असतं.

ते खरं नाही. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मापासून मुलाइतकाच हक्क दिला. 9 सप्टेंबर 2005 ला वडील हयात असायला हवे होते की नाही, हा वादही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात मिटवला. हयात नसले तरी हक्क आहेच. परकीय नागरिक झाल्याने हा हक्क जात नाही. परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, कुणी बक्षीसपत्राने दिली तरी घेता येत नाही. पण हे बंधन तू भारतीय पासपोर्टवर परदेशी राहत असतानाही होतंच, ते शपथेने आलेलं नाही. वारसाने आलेली शेतजमीन मात्र तेव्हाही तुझी आणि नंतरही तुझी. विकायची झालीच तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, एवढंच. म्हणजे शेताच्या बाबतीत शपथेच्या आधी आणि नंतर तुझ्या हक्कात काडीचाही फरक पडत नाही. पडतो असं सांगून कुणी घाई करत असेल, तर त्याला कायदा माहीत नाही किंवा तुला माहीत नसावा अशी त्याची इच्छा आहे.

तुला हिस्सा नको असेल, भावाने आई-बाबांचं सगळं केलं म्हणून खुशीने सोडायचा असेल, तर जरूर सोड. माझ्या ओळखीत सोडणाऱ्या आहेत आणि त्यांना पश्चात्ताप नाही. पण तो तुझा निर्णय असावा, विचार करून घेतलेला, शपथेच्या धाकाने घेतलेला नव्हे. या फेरीत पटवाऱ्याकडून खसऱ्याची नक्कल काढ, ऋणपुस्तिका डोळ्यांनी बघ, आजोबांच्या नावावरून बाबांच्या नावावर फौती नामांतरण झालं आहे की नाही ते सौंसरच्या तहसीलमध्ये विचार. तू स्वतः विचार, भावाला सोबत घेऊन जा हवं तर. आणि कुणी टाइप केलेला कागद पुढे केला, तर म्हण की वाचून सांगते. मग वकिलाला दाखव, आणि सही करण्याआधी मला फोन कर. रात्र असली तरी कर.